एकशे बेचाळीस, एकशे त्रेचाळीस

हर्षाली : मामा, तिथंच थांबा. हलू नका. आता सांगा, तुम्ही कुणाच्या शेतात उभे आहात?

रामकिसन : ह्यो काय सवाल झाला? माझ्या शेतात. माझ्या बापाच्या शेतात.

हर्षाली : फोन म्हणतोय, शांताक्काच्या.

रामकिसन : फोन आभाळातनं बघतोय. आभाळातनं समदीच रानं सारखी दिसत्यात.

हर्षाली : सारखी नाहीत दिसत. हे बघा, हा निळा ठिपका म्हणजे आपण. विहीर ह्या अंगाला, ओढा त्या अंगाला. सगळं जागच्या जागी आहे. फक्त नंबर दुसरा आहे, एकशे त्रेचाळीस.

रामकिसन : मग?

हर्षाली : मग आपला सातबारा एकशे बेचाळीसचा आहे, मामा.

रामकिसन : ऊन लई झालंय. घरी चल. भाकर खाऊ, मग बघू.

हर्षाली : सकाळपासून तुम्ही मग बघू म्हणताय. शेततळ्याच्या अर्जाला जागेवर उभं राहून फोटो टाकला, तो परत आला. जागा गटाशी जुळत नाही म्हणे. मला वाटलं, फोनचंच काहीतरी बिघडलंय. पुन्हा टाकला, पुन्हा परत. म्हणून सरकारी नकाशा उघडला. जिल्हा, तालुका, गाव निवडलं, एकशे बेचाळीस टाकलं, तर तो तुकडा उजळला कुठं? जळकोटच्या रस्त्याला लागून. शांताक्काच्या घरावर.

रामकिसन : ते नकाशे सरकलेले असत्यात. तलाठी बी म्हनतो, पाच-पन्नास फूट हिकडं-तिकडं धरायचं.

हर्षाली : पन्नास फूट मी धरले असते. पण मी बांधावरनं अख्खा फेरा मारून आले. ठिपका बांधाला बांध धरून चालतोय. नकाशातला तुकडा पण आपल्याच शेतासारखा आहे, ओढ्याकडं निमुळता. आकार बरोबर आहे, नंबर उलटे पडलेत. आपल्या शेतावर त्यांचं नाव आणि त्यांच्या घरावर आपलं.

रामकिसन : कुनाला सांगितलंस?

हर्षाली : ह्यांना.

रामकिसन : बालाजीला? माझ्या पोराला? कवा?

हर्षाली : सकाळीच. नकाशाचा फोटो पाठवला, म्हटलं हे असं काय दिसतंय, बघा. मला काय माहीत पुढं काय होणार ते.

रामकिसन : काय म्हनला?

हर्षाली : आधी काहीच नाही. मग तासाभरानं कंपनीतूनच फोन. पुण्याहून शनिवारी येतायत. एकटे नाही. ओळखीचा कुणीतरी आहे, त्याला हमरस्त्याला लागून जागा पाहिजे, हॉटेल टाकायला. मला म्हणाले, शांताक्काकडं अक्षर काढू नको. मामांना पण आत्ता नको सांगू, ते शेजार भावकीसारखा धरून बसतील.

रामकिसन : मग मला का बोललीस?

हर्षाली : कारण सकाळपासून तुम्ही ह्या फोनकडं एकदा पण नीट बघितलं नाही. ज्याला खरंच काही ठाऊक नसतं, तो आधी फोन हातात घेतो. तुम्ही ऊन दाखवताय, भाकर दाखवताय.

रामकिसन : बस हितं.

हर्षाली : मला बसवत नाही.

रामकिसन : मग हुभी राहून ऐक. गटवारी झाली तवा म्या मिसरूड न फुटलेला. जुने सर्वे नंबर मोडून नवे गट पाडले. मोजणीवाला एक दिवस रानात आला अन् चार दिवस चावडीत बसला. तिथं बसूनच नंबर टाकले. रस्त्याकडनं मोजत यायचं का ओढ्याकडनं, ह्यात त्येचा घोळ झाला. आमच्या रानाला शांताक्काच्या मालकाच्या, गुरुसिद्धप्पाच्या बापाचं नाव लागलं अन् त्येंच्या रानाला आमच्या बापाचं. कुनाला पत्ताच न्हाय. आमी आमचं पेरत व्हतो, ते त्येंचं.

हर्षाली : मग तुम्हाला कधी कळलं?

रामकिसन : गुरुसिद्धप्पानंच सांगितलं. सतरा-अठरा वर्सं झाली असतील. पाइपलाइन टाकायची म्हनून त्यानं तुळजापुरातनं नकाशाची नक्कल आनली व्हती. ती घेऊन सरळ ह्या बांधावर आला. हसत व्हता. म्हनला, रामकिसन, कागदानं तुझं काळं रान माझं झालं अन् माझा मुरूम तुझा झाला. पन ज्येचा घाम त्येचं रान. चल, दोघं जाऊन दुरुस्त करून घेऊ.

हर्षाली : म्हणजे हातात आलेलं काळं रान त्यांनी सोडलं.

रामकिसन : सोडायचं काय त्यात? त्येचं न्हवतंच.

हर्षाली : कागदानं होतं की.

रामकिसन : व्हय. कागदानं व्हतं.

हर्षाली : मग दुरुस्ती का झाली नाही?

रामकिसन : राहून गेलं.

हर्षाली : अठरा वर्षं?

रामकिसन : राहून गेलं म्हनलं न्हवं का. तू का आता वकिलावानी उलटंपालटं इचारतीस?

हर्षाली : कारण ह्यांना रस्त्याकडची जागा पाहिजे. फोनवर काय म्हणाले ठाऊक आहे? काळं रान जाऊ दे शांताक्काला, कागदानं तिचंच आहे, तिथं राबून कुणाचं भलं झालंय. राबतंय कोण, मामा? नऊ वर्षं मी राबतेय. आत्या गेल्या तेव्हापासून ह्या रानात सोयाबीन मी काढलं, कांदा मी लावला. ठिबकच्या नळ्या वाकून वाकून मी जोडल्या. मी भूमकडची, आमच्या माहेरी विहिरीला मार्चमध्ये तळ दिसतो. असली माती मी पहिल्यांदा इथं बघितली. आणि ते पुण्यात बसून एका बोटानं ती खोडून टाकतायत.

रामकिसन : कुठं निघालीस?

हर्षाली : शांताक्काकडं.

रामकिसन : थांब. आधी म्या बालाजीसंगं बोलतो.

हर्षाली : बोला. मी तोवर तिकडं जाऊन येते. शनिवारी अनोळखी माणूस टेप धरून अंगणात उभा राहिला आणि मग तिला कळलं, असं नको व्हायला. आज माझ्याकडनं कळू दे.

रामकिसन : हर्षाली, ऐक माय. तिला सांगताना... माझं नाव लई घेऊ नको.

हर्षाली : का?

रामकिसन : नको म्हनलं न्हवं. जा.

* * *

शांताक्का : बस की. दारात उभी राहून कोण बोलतंय? ह्या शेंगा पुढं ओढ. हात चालू दे, मग तोंड.

हर्षाली : आक्का, मला शेंगा फोडायला सुचणार नाही आज.

शांताक्का : असं काय झालंय? बालाजीशी भांडलीस?

हर्षाली : अजून नाही. तुमच्या सातबाऱ्यावर गट नंबर काय आहे, आठवतो?

शांताक्का : एकशे त्रेचाळीस. मालक गेल्यावर माझ्या एकटीच्या नावावर झाला की. का?

हर्षाली : तुम्ही बसलाय तो एकशे त्रेचाळीस नाही. हा एकशे बेचाळीस आहे. आमचा. म्हणजे कागदावर आमचा. आणि आम्ही ओढ्याकडचं जे काळं रान करतो, ते कागदावर तुमचं आहे. गटवारीत नंबर उलटे पडलेत.

शांताक्का : पुन्हा सांग. सावकाश.

हर्षाली : तुम्ही एका जागेवर राहताय आणि सातबारा दुसऱ्या जागेचा आहे. आमचंही तसंच. एकमेकांच्या जागेत आहोत आपण.

शांताक्का : म्हणजे हे घर?

हर्षाली : आमच्या गटात.

शांताक्का : गोठा?

हर्षाली : तो पण.

शांताक्का : आणि मालक? त्यांना जिथं ठेवलंय ते?

हर्षाली : ते पण, आक्का.

शांताक्का : दाखव.

हर्षाली : हे बघा. हे पत्रे चमकतायत ते तुमचं घर. हा हिरवा गोळा म्हणजे चिंच. चिंचेच्या कडेला पांढरं दिसतंय ना, तांदळाच्या दाण्याएवढं?

शांताक्का : एवढंसं?

हर्षाली : लई उंचावरनं काढलेलं असतं.

शांताक्का : मालकांच्या समाधीची ती फरशी मी सोलापूरहून आणून बसवलीय. ती आभाळातनं दिसती होय. आणि त्याच्या भोवतीनं ही रेघ कशाची?

हर्षाली : गटाची हद्द.

शांताक्का : ह्या रेघेच्या आत नाव कुणाचं निघतंय?

हर्षाली : मामांचं.

शांताक्का : शिवशिवा. चाळीस वर्षं मी हे अंगण सारवतेय. हे कुणालाही दिसतं का? पुतण्या राजशेखर तिकडं अक्कलकोटला हाय, त्याला दिसंल?

हर्षाली : कुठूनही दिसतं. नंबर टाकला की दिसतं. लपलेलं काही नाही.

शांताक्का : लपलेलं न्हाई, तरी मला दिसलं न्हाई. बरं. तू आज का आलीस?

हर्षाली : तुम्हाला कळावं म्हणून.

शांताक्का : कळून माझं काय व्हायचं? मी एकटी बाई. मूल न्हाई, बाळ न्हाई. मला नसतं कळलं तर मी सुखानं शेंगा फोडत बसले असते. तुला काय पाहिजे ते बोल की.

हर्षाली : मला काळं रान पाहिजे.

शांताक्का : हां.

हर्षाली : खोटं कशाला बोलू. शनिवारी हे येतायत. त्यांना ही रस्त्याकडची जागा विकायचीय, हॉटेलवाल्याला. काळं रान तुम्हाला देऊन मोकळं व्हायचंय. तसं झालं तर तुमचं हे सगळं जाईल आणि माझं ते सगळं जाईल. हे दोन्ही कागदानं बरोबर असंल आणि तरी दोघी उघड्यावर येऊ.

शांताक्का : हे खरं बोललीस. आधीचं गोड होतं. गोड मला सोसत न्हाई. मग आता?

हर्षाली : एक वाट आहे. सलोखा म्हणून योजना आहे, असल्याच जमिनींसाठी. बारा वर्षं एकमेकांची जमीन कसत असलो तर अदलाबदलीचा दस्त करता येतो. तलाठी येऊन पंचनामा करतो, शेजारचे शेतकरी सांगतात कोण कधीपासून कुठं आहे. मग दोघांच्या सह्या. मामांची आणि तुमची. कागद आपल्या मागं येतो, आपल्याला हलावं लागत नाही.

शांताक्का : म्हणजे सही मागायला आलीस.

हर्षाली : आज नाही मागत.

शांताक्का : आज मागितली असतीस तरी दिली नसती. तू दाखवलंस ते तुझ्या फोनवर. आता राजशेखरला त्याच्या फोनवर बघू दे. तो मला वाचून दाखवंल. राग मानू नको.

हर्षाली : नाही मानत. मी पण हेच केलं असतं.

शांताक्का : आणखी एक सांग. रामकिसन भावजींना हे ठाऊक होतं?

हर्षाली : ते... तुम्ही त्यांनाच विचारा, आक्का.

शांताक्का : म्हणजे ठाऊक होतं.

हर्षाली : मोजणीवाल्याची चूक होती ती. मामांची नाही.

शांताक्का : चूक कुणाची ते न्हाई विचारलं मी. पाठव त्यांना. फोनवर नको, पायांनी येऊ देत. आणि तू जाताना त्या शेंगा आत ठेवून जा, आज माझ्यानं पण व्हायचं न्हाई.

* * *

(शुक्रवारी सकाळी शांताक्काचं अंगण. रामकिसन चिंचेखाली आला, पण टेकला नाही. हर्षालीला रात्री डोळा लागला नव्हता. ती गोठ्यापासून उंबऱ्यापर्यंत येरझारा घालत होती आणि दर खेपेला फोन बघत होती.)

शांताक्का : राजशेखरनं बघितलं. तुमच्या सुनेनं सांगितलं तसंच हाय म्हणाला. आता तुम्ही सांगा, भावजी.

रामकिसन : काय सांगू?

शांताक्का : मालक तुमच्याकडं तीनदा आले होते. मला वाटायचं, पाइपलाइनचं काम असंल. तिसऱ्यांदा परत आले आणि जेवले न्हाईत. ताट वाढलेलं तसंच झाकून ठेवलं मी. विचारलं तर म्हणाले, पोट भरलंय. आज विचारते, ते कशाला आले होते?

रामकिसन : दुरुस्तीला चल म्हनायला.

शांताक्का : आणि तुम्ही?

रामकिसन : पैल्यांदा म्हनलो, गुडघा दुखतोय. दुसऱ्यांदा मळणीचं निमित केलं. तिसऱ्यांदा...

शांताक्का : बोला की.

रामकिसन : तिसऱ्यांदा म्या घरातच व्हतो. आतल्या खोलीत. आमच्या हिला, कस्तुराबाईला सांगायला लावलं, घरी न्हाईत म्हनून. तिला ते जड गेलं, पन तिनं सांगितलं. त्यो दारातच व्हता, माझ्या चपला बघत असंल. म्हनला, बरं वहिनी, येतो. परत कवा आला न्हाय.

हर्षाली : मामा, हे तुम्ही काल मला नाही सांगितलं. राहून गेलं म्हणालात.

रामकिसन : काल सांगितलं असतं तर तू मला हितवर आनलं असतंस का? तू मला चांगला मानूस समजतीस. म्हनलं, आनखी एक दिवस समजू दे.

शांताक्का : का पण? तुमचं काय वाईट केलं होतं त्यांनी? काळं रान तुम्हाला देत होते ते.

रामकिसन : त्येच सुमाराला रस्त्याची बोलवा उठली, वैनी. सोलापूर ते हैदराबाद मोठा रस्ता व्हनार, कडंच्या रानांना सोन्याचे दिवस येनार. अणदूरच्या बाजारात दुसरं बोलनंच न्हवतं. मोजणीचे दगड बी पडले. अन् माझ्या मनात आलं, कागद हाय तसा असू दे की. आज काळं रान हातात हाय, उद्या रस्त्याकडचं कागदानं माझंच हाय. दोन्ही हातात लाडू. म्या काय केलं न्हाय, वैनी. फकस्त गेलो न्हाय. पन नियत फिरली ती फिरलीच.

शांताक्का : मालकांना कळलं होतं?

रामकिसन : न कळाया त्यो काय खुळा व्हता?

शांताक्का : तरी तुमच्याकडनं बी-बियाणं आणायचे, तुम्हाला बैल द्यायचे. मला कधी एक शब्द न्हाई बोलले.

रामकिसन : त्येच तर. भांडला असता तर बरं झालं असतं.

हर्षाली : आणि नंतर? ते वारले तेव्हा तरी सांगायचं.

रामकिसन : त्याला ठेवायची जागा म्याच दाखवली, हर्षाली. म्हनलो, चिंचेच्या पूर्वेला माती मऊ हाय. पैली कुदळ म्याच मारली. मारताना ध्यानात व्हतं, ही जागा कागदानं कुनाची हाय ते. वाटलं, आता सांगावं. पन मानसं जमलेली. मग वाटलं, दिवस झाल्यावर सांगू. मग वाटलं, वैनींचं दुःख हलकं झाल्यावर सांगू. अकरा वर्सं झाली. रस्ता झाला, गाड्या सुसाट चालल्या, दोन दलाल येऊन गेले. विकलं बी न्हाय अन् सांगितलं बी न्हाय. दोन्हीला छाती लागती.

शांताक्का : मी दर सोमवारी तिथं दिवा लावते. तुम्ही बांधावरनं जाताना हात जोडायचे. मी म्हणायचे, बघा, किती माया.

रामकिसन : ते हात जोडनं खोटं न्हवतं.

शांताक्का : खरं पण न्हवतं.

रामकिसन : न्हवतं.

हर्षाली : मामा, फोन वाजतोय. हेच आहेत. सकाळपासनं चौथ्यांदा. काय करू?

रामकिसन : आन हिकडं... बोल बालाजी. व्हय, म्याच हाय. ती हितंच हाय, शांताक्काच्या अंगनात... तिनं न्हाय बोलावलं मला, म्या माझ्या पायानं आलो... वरडू नको, मला ऐकू येतंय... सातबाऱ्यावर नाव कुनाचं हाय? मग? मानूस जिता हाय अजून... वडिलार्जित हाय, ठाऊक हाय. तुजा हक्क हाय, ते बी ठाऊक हाय. मग जा कोर्टात अन् सांग, माझ्या बापानं मेलेल्या मानसाच्या समाधीवरचं आपलं नाव काढून दिलं म्हनून... न्हाय, तुला न्हाय कळायचं, माझ्याकडनं काय झालंय ते. आल्यावर सांगतो. तोंडावर सांगतो... उद्या ये. घर तुझं हाय. पन एकटा ये. त्या हॉटेलवाल्याला आनलास तर म्या त्येला पानी बी इचारनार न्हाय... बालाजी? ठेवला त्यानं.

हर्षाली : काय म्हणाले माझ्याबद्दल?

रामकिसन : ते तू नको इचारू.

हर्षाली : विचारतेय मी.

रामकिसन : म्हनला, बायकोनं घरभेदीपना केला.

हर्षाली : बरं.

शांताक्का : बरं काय? इकडं ये. ह्या ओट्यावर बस आधी. कालपासून तू एका जागी न्हाईस.

हर्षाली : बसले तर रडायला येईल, आक्का. आत्ता नको. तुम्ही काय ते ठरवा. तुम्ही काळंच रान मागितलंत तरी मी काही बोलणार नाही. ते कागदानं तुमचं आहे आणि मामांनी जे केलं त्यानंतर...

शांताक्का : ह्या वयात मला ओढ्याकडं कोण उचलून नेऊन ठेवणार हाय? मला माझं अंगण पाहिजे. तलाठ्याला बोलवा. आजच बोलवा, उद्यापर्यंत थांबू नका. पंचनाम्यात लिहायला लावा, मी कधीपासून इथं हाय ते.

रामकिसन : वैनी, मला माफ...

शांताक्का : थांबा. ते नका बोलू. सही मी करीन, मालकांचं काम अर्धं राहिलंय म्हणून. तुमच्यासाठी न्हाई.

रामकिसन : व्हय.

शांताक्का : आणि आजपासून तुम्ही इथं आलात तर पाणी मिळंल. चहाचा मी विचार करीन.

* * *

हर्षाली : आक्का, त्या बाकावर सरका थोड्या. मामांना बसू द्या. दस्त नोंदवायला आपला चौथा नंबर आहे.

शांताक्का : त्यांना तिकडं खुर्ची रिकामी हाय की.

रामकिसन : म्या हुभाच बरा.

शांताक्का : सकाळपासून उभेच हायत. इथं तुळजापुरात चक्कर येऊन पडले तर दस्त कुणाच्या सहीनं करायचा? बसा. मध्ये पिशवी ठेवते.

रामकिसन : हर्षाली, बालाजीचा फोन आला व्हता का?

हर्षाली : फोन नाही. त्या शनिवारी आले, दिवसभर ओढ्याकडच्या बांधावर बसले, तुमचं ऐकून घेतलं, न जेवता संध्याकाळची एसटी धरून गेले. त्यानंतर पाच आठवडे झाले, रोज फोन येतो तो अर्पितासाठी. पोरगी बोलते आणि फोन ठेवते. आईला दे म्हणत नाहीत.

रामकिसन : अन् तू करत न्हाईस?

हर्षाली : दोनदा केला. रानाचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं. हूं म्हणाले. काल मात्र एक मेसेज आला.

शांताक्का : काय लिहिलंय?

हर्षाली : दस्तावर गट नंबर दोनदा तपासून घे, पुन्हा उलटे पडायचे. एवढंच.

रामकिसन : एवढंच?

हर्षाली : एवढंच. मी तीनदा वाचलं, त्यात आणखी काही सापडतंय का म्हणून.

शांताक्का : सापडलं?

हर्षाली : माहीत नाही. नंबर मात्र चारदा तपासले.

रामकिसन : त्यो रागात असला की कामाचंच बोलतो. ल्हानपनापासून.

हर्षाली : तुमच्यावर गेलेत मग. तुम्ही कामाचं पण बोलत नव्हता.

शांताक्का : बरोबर बोलली.

रामकिसन : व्हय. बरोबर बोलली.

शांताक्का : भावजी, पिशवीत भाकरी हाय, शेंगाची चटणी हाय. तुमची साखर खाली जाईल. खावा. तुमच्याकडं बघत न्हाई मी.

रामकिसन : मला न्हाय जानार, वैनी.

शांताक्का : जाईल. एक घास जाईल. हर्षाली, पुढचा नंबर आपलाच न्हवं का? काय राहिलंय अजून त्या कागदात?

हर्षाली : एक रकाना रिकामा आहे. देणार-घेणारांची नावं झाली, दोन्ही गट झाले, चतुःसीमा झाली. अदलाबदलीचं कारण लिहा म्हणतायत. दोन ओळीत बसलं पाहिजे. काय लिहू, मामा?

रामकिसन : मोजणीवाल्याची चूक, असं लिही. न्हाय तर... न्हाय, ते नको. सगळी त्येच्यावर नको ढकलू.

हर्षाली : मग काय लिहू? आत बोलावतायत. आक्का, तुम्ही सांगा.

शांताक्का : लिही की, जे जिथं हायत, ते तिथंच राहावेत म्हणून.